उचलायचं की राहू द्यायचं

भातकापणी सुरू झाली की मला पत्त्यांची आठवण येते. लोकांना ती श्रावणात येते, दिवाळीत येते. मला कापणीत येते. जव्हार सोडून मोटारसायकल जामसरच्या बाजूला लागली की उतारांवर खुरासणीची पिवळी फुलं दिसू लागतात, खाली खाचरांत भात वाकून उभं असतं आणि नुकत्याच कापलेल्या ताटांचा ओलसर, गोडसर वास हेल्मेटच्या काचेखालून आत शिरतो. तो वास नाकात गेला की पहिला विचार पिकाचा येत नाही. 'आता चाल करावी की पॅक?' असा येतो. कृषी सहायकाने असं काही लिहू नये हे मला कळतं. पण नोकरीची इतकी वर्षं झाली, आता कोण काय म्हणणार!

मी मूळचा जव्हारचाच. वडिलांचं कापडाचं दुकान होतं आणि गिऱ्हाईक नसलेल्या पावसाळी दुपारी दुकानाच्या मागच्या खोलीत काका, शेजारी आणि कधीकधी खुद्द वडील तीन पत्ती मांडून बसत. तिथे मी खेळ शिकलो आणि तिथेच मला एक खोड लागली. मला पॅक करता येत नाही. ज्यांना हा खेळ ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. प्रत्येकाला तीन पत्ते मिळतात. ते बघून लावा, नाहीतर न बघता लावा, लावत राहणं म्हणजे चाल. समोरच्याकडे काय आहे ते कोणालाच दिसत नाही. आपलं काही खरं नाही असं वाटलं तर पत्ते पालथे ठेवून बाहेर पडायचं, त्याला पॅक म्हणतात. आतापर्यंत लावलेलं जातं, पुढचं वाचतं. इतकं सोपं आहे. पण हातात सत्ती, पंजी, दुर्री असली तरी मला वाटायचं, अजून एक चाल खेळून बघू, समोरचा घाबरेल. समोरचा कधी घाबरला नाही.

माझा भाचा ठाण्याला असतो, तो पोकर खेळतो. दिवाळीत आला की मामाला शहाणं करून सोडायचा त्याचा निश्चय असतो. "मामा, यात दोन पत्ते आपल्या हातात," त्याने समजावलं, "आणि पाच मधे उघडे पडतात. पण एकदम नाही. आधी तीन, मग एक, मग एक. दर वेळी ठरवायचं, अजून लावायचं की सोडायचं." मी म्हटलं, "अरे, मग ही भातशेतीच झाली की!" तो हसला, त्याला वाटलं मामा गंमत करतोय. मी गंमत करत नव्हतो. बी आणि जमीन हे हातातले दोन पत्ते. मृगात काही उघडतं, लावणीत काही, भात पोटरीत, म्हणजे कणीस अजून पोटात असताना, आणखी काही. आणि सगळ्यात लबाड पत्ता उघडतो तो अगदी शेवटी, भात कापून खाचरात आडवं पडलेलं असताना.

कारण आमच्याकडे कापलेलं भात लगेच उचलत नाहीत. मुठी मुठी जमिनीवर पसरून दोन-तीन दिवस उन्हात सुकू देतात, मग भारे बांधून खळ्यावर नेतात. ओलं उचलून रचलं तर ते आतून तापतं, दाणा काळा पडतो, बियाणं असेल तर मरतं. सुकायला ठेवलं आणि परतीचा पाऊस आला तर लोंबीतल्या दाण्याला पडल्या जागी कोंब फुटतात. म्हणजे रोज दुपारी आभाळाकडे बघून ठरवायचं. उचलायचं की राहू द्यायचं? हे मी शेतकऱ्यांना बैठकीत तक्ता दाखवून सांगत असे. स्वतःला ते कळलं एका हंगामात, तुळसाबाईच्या खळ्यावर.

तुळसाबाई जामसरच्या पुढच्या एका पाड्यावरची. वय विचाराल तर "मोजलं नाय" असं उत्तर मिळतं. अंगाने काटक, हाताला विळ्याचे घट्टे, आणि हसताना आधी डोळे हसायचे, मग तोंड. नवरा मुंबईला मजुरीला जायचा तेव्हा पत्ते शिकून आला, त्याने तिला शिकवले आणि मग तिला कधी हरवू शकला नाही, असं ती सांगे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली होती. मुलगी मोखाड्याकडे, खोडाळ्याच्या अलीकडे दिलेली. तुळसाबाई एकटी चार खाचरं कसत असे. शेजारचा किसन तिला मदतीला येई आणि ती त्याच्याकडे जाई, अशी त्यांची देवाणघेवाण होती.

कापणीच्या दिवसांत दुपारची भाकरी झाली की खळ्याच्या कडेला उंबराच्या सावलीत डाव पडे. मी फेरीला आलो की मलाही बसवत. पैसे नाहीत, चिंचोके. पण चिंचोके म्हणून कोणी ढिलाई करेल तर शपथ! तुळसाबाई पत्ते उचलायची, एकदाच बघायची आणि बऱ्याच वेळा पालथे ठेवून द्यायची. "जा, खेळा तुमी." मी चाल करत राहायचो आणि माझे चिंचोके हळूहळू तिच्या पदराच्या टोकाशी जमायचे.

तिच्या खळ्यावर एक कायदा होता. कोणी पॅक केलं की त्याचे पत्ते उलटून बघायचे नाहीत. त्याने स्वतःसुद्धा नाही. हा कायदा मी पहिल्याच आठवड्यात मोडला. तिने पत्ते टाकले आणि पाणी प्यायला उठली, तेव्हा मी हळूच उलटे केले. दोन राण्या आणि एक गुलाम! डाव किसनने जेमतेम दश्शीच्या जोडीवर मारला होता. ती आली तेव्हा मला हसू आवरेना. "मावशी, तुझ्याकडे राण्यांची जोडी होती! जिंकली असतीस की!" ती हसली नाही. सगळे पत्ते गोळा केले, फडक्यात गुंडाळले आणि विळा घेऊन खाचरात निघून गेली. त्या दिवशी पुढचा डाव झाला नाही. किसनने मला बाजूला घेऊन सांगितलं, "सायेब, तसं करायचं नाय तिच्याकडं. बघितलं का पुढल्या डावाला हात कापतो, असं म्हणते ती."

आता तिच्या भाताचं सांगायला हवं. तिच्या चार खाचरांपैकी तीनमध्ये मी दिलेलं सुधारित बियाणं होतं, पांढरं, भरघोस. चौथ्यात तिचं लाल भात. ते तिच्या आईने लग्नात पाठवलेलं, आईला कुठून आलं ते कोणाला ठाऊक नाही. ताट उंच, वाऱ्याने लोळणारं, उतारा कमी. एके काळी पाड्यावरच्या सगळ्या घरांत ते होतं. मग मी आलो. तक्ते दाखवले, नव्या वाणांचं कौतुक केलं, ते खोटंही नव्हतं, पोतं जास्त भरत होतं. एकेक घर लाल भात सोडत गेलं. तुळसाबाईला मी दोनदा समजवायला गेलो तर म्हणाली, "नि बाळंतिणीला पेज कशाची देशील? तुज्या कागदाची?"

तर त्या हंगामात ते भात फक्त तिच्या त्या एका खाचरात उरलं होतं. आदल्या वर्षीचं जुनं बी उंदरांनी नासवलेलं, म्हणून घरातही शिल्लक नव्हतं. ते खाचर गेलं असतं तर ते भातच संपलं असतं, कुठल्या दुकानात मिळणार नव्हतं. हे तिला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. ते एकाच खाचरात उरण्यात माझा हात होता, हेही आम्हा दोघांना ठाऊक होतं. ती कधी बोलली नाही. बोलली असती तर मला बरं वाटलं असतं.

त्या दिवशी चारही खाचरं कापून झाली होती आणि भात आडवं पडलं होतं, एका दिवसाचं ऊन खाल्लेलं. आम्ही तिघं डावाला बसलो होतो. ऊन असं की चिंचोके हाताला गरम लागत होते. मोखाड्याच्या बाजूला डोंगरामागून एक ढग वर आला. फार मोठा नव्हता, कडा पांढऱ्या, पोट काळं. मी मोबाइल काढला. पावसाची शक्यता नाही, आज नाही, उद्याही नाही.

"मावशी, काही येत नाही. स्वच्छ ऊन आहे दोन दिवस."

"तुज्या मोबाइलला तं ढग दिसतं का?"

"त्याला सगळं दिसतं, वरून."

"मला खालून दिसतं," ती म्हणाली आणि हातातले पत्ते पालथे ठेवून उठली. "किसन, ऊठ. लाल भात उचलायचं."

किसन वैतागला. "नि पांढरं?"

"तं राहू दे. तं परत भेटंल."

मी मात्र मनापासून विरोध केला. सवयीचा साहेबी विरोध नव्हता तो, मला खरंच भीती वाटत होती. एका दिवसाच्या उन्हात ताटं सुकलेली नव्हती, हात लावला तरी ओल कळत होती. "मावशी, ऐक. असं ओलं घरात नेलंस तर तापेल, बी मरेल. पाऊस येईल की नाही ते नक्की नाही, पण हे तापणार हे नक्की आहे." माझं बोलणं बरोबर होतं. आजही बरोबर आहे.

तिने डोक्याला फडकं बांधत माझ्याकडे बघितलं. "तापलं त मी हात घालून हालवीन, भाऊ. भिजलं त काय करू?"

 पँट गुडघ्यापर्यंत दुमडून मीही खाचरात उतरलो. कापलेल्या ताटांचे बुडखे पायाला टोचत होते, लोंब्यांची कुसं मानेत शिरत होती. भारे डोक्यावर घेऊन आम्ही तिघांनी घर ते खाचर अशा किती फेऱ्या मारल्या देव जाणे. शेवटचा भारा पडवीत टेकवला आणि धापा टाकत बाहेर येऊन आभाळाकडे बघितलं. ढग विक्रमगडच्या बाजूला सरकत चालला होता. एक थेंब पडला नाही.

दुसऱ्या दिवशी कडकडीत ऊन. तिसऱ्या दिवशीही. खाचरात राहू दिलेलं पांढरं भात छान वाळलं, खडखड वाजायला लागलं. आणि लाल भात घरात, पडवीत, चुलीच्या बाजूला, जिथे जागा मिळेल तिथे पसरलेलं. एवढ्याशा घरात ते अंगणात नेऊन पसरायचं, ढग दिसला की आत घ्यायचं, परत न्यायचं. मी तिसऱ्या दिवशी गेलो तेव्हा तुळसाबाई पडवीत ताटं उलटीपालटी करत होती. कंबर धरली होती. खालच्या थराला आंबूस वास येत होता. तिने तो भाग वेगळा काढला होता, बियाण्याला नको म्हणून. किसन कुंपणाशी उभा राहून म्हणाला, "बाई एका ढगाला भ्याली!" पाड्यावर तो विनोद आठवडाभर चालला.

आणि मी? मला गप्प बसता आलं असतं. पण आपलं बरोबर निघालं की माणसाला गप्प बसवत नाही. "मावशी," मी म्हटलं, "राहू दिलं असतंस तर आज हे सगळं..."

तिने हात न थांबवता म्हटलं, "टाकलेलं पत्तं बघायचं नाय म्हणून सांगितलंय ना तुला?"

 मी चपला काढल्या, आत गेलो आणि तिच्या शेजारी बसून ताटं उलटायला लागलो.

ती दुपार मी पुष्कळदा मनात फिरवून पाहिली आहे. पाऊस आला असता तर पाड्याने तिला शहाणी म्हटलं असतं, आला नाही म्हणून भित्री म्हटलं. बाई तीच, ढग तोच, निर्णय तोच. आम्ही जुगारी लोक निकाल बघून माणसाची अक्कल ठरवतो, आणि शेतीवाले काही वेगळे नाहीत. ती मात्र उठताना एवढंच बघत होती की काय गेलं तर परत मिळेल आणि काय गेलं तर मिळणार नाही; कुठला धोका आपल्या हाताने आवरता येईल आणि कुठला नाही. पांढरं भात तिने बिनधास्त आभाळावर सोडलं होतं. भित्रं माणूस असं करत नाही. दुकानाच्या मागच्या खोलीत इतकी वर्षं घालवून मला जे कळलं नाही ते तिने एका वाक्यात सांगितलं, आणि तेही फडकं बांधता बांधता. मी तिचा आभारी आहे. तोंडावर म्हणायची सोय नाही, ती हसेल. म्हणून इथे म्हणतो.

बी जगलं की मेलं हे मात्र पावसाळ्यापर्यंत कळणार नव्हतं. मी चाचणी करून देतो म्हटलं, तिने नको सांगितलं. राबात, रोपांसाठी भाजलेल्या वाफ्यात, पेरलं की कळेल. तो सगळा हिवाळा आणि उन्हाळा मला अधूनमधून तो आंबूस वास आठवे. जूनच्या शेवटी तिचा फोन आला. "ये, बघून जा." एवढंच. गेलो तर राबावर रोपांची हिरवी गच्च दाढ उभी होती, बोटभर उंच, वाऱ्याने एकदम सगळी एका बाजूला झुकायची. तुळसाबाई बांधावर उभी, डोळे हसत होते. मला रडू आलं. 

त्या साली लाल भात चांगलं पिकलं, आणि झोडणी झाल्यावर तिने एक काम केलं जे आधी कधी केलं नव्हतं. बियाण्याचे चार भाग केले. एक स्वतःला, एक मोखाड्याकडे मुलीला, एक किसनला, ज्याने तिची आठवडाभर टिंगल केली होती. आणि एक मला, पत्र्याच्या डब्यात. मी म्हटलं, "मावशी, माझ्याकडे शेत कुठे आहे? घराच्या मागे चार हात जागा आहे, तिथे बायको मिरच्या लावते." "मग मिरच्यांच्या बाजूला लाव," ती म्हणाली. "सगळं एका घरात ठेवायचं नाय आथा."

आता कबुली देतो. मी ते पेरलं नाही. जून आला, मी डबा काढला, झाकण उघडलं, वास घेतला आणि परत बंद केलं. घरामागची जागा कडक, पाणी थांबत नाही, मी जन्मात स्वतःच्या हाताने एक खाचर लावलेलं नाही. उगवलं नाही तर? मी, इतक्या शेतकऱ्यांना सांगणारा, माझ्या हातून ते गेलं तर? बायकोने विचारलं, "पेरणार होतात ना?" मी म्हटलं, "पुढच्या वर्षी." डबा कपाटावर गेला. ज्याला आयुष्यभर पत्ते टाकता आले नाहीत, त्याने यावेळी हात न खेळताच धरून ठेवला.

आणि त्याच साली कापणीच्या आधी पाऊस लागून राहिला. एक ढग असता तर काही ठरवता आलं असतं. इथे आभाळच खाली आलं होतं. भात उभ्याचं आडवं झालं, पाण्यात लोळलं, लोंबीतच कोंब फुटले. तुळसाबाईचं लाल खाचर गेलं. खोडाळ्याकडे मुलीचंही तसंच. किसनने तर ते पेरलंच नव्हतं. पोरीला बघायला पाहुणे आले तेव्हा त्याने मोठ्या कौतुकाने त्यांना लाल तांदळाचा भात वाढला होता. लग्न ठरलं, बी संपलं.

बाजाराच्या दिवशी सकाळी ती माझ्या दारात आली. हातात रिकामी पिशवी. चहा घेतला, बायकोशी पावसाचं बोलली, मग माझ्याकडे वळून विचारलं, "तुज्याकडचं हाय का?"

मी कपाटावरून डबा काढला आणि सगळं सांगितलं. पेरलं नाही, भीती वाटली, नुसतं ठेवलं. माझी मान खाली होती. तिने झाकण काढलं, चार दाणे तळहातावर घेतले, दातांखाली एक फोडून बघितला. "बघ उगवतं का," म्हणाली. मी ओल्या गोणपाटात मोजून दाणे गुंडाळले. ती पुढच्या बाजाराला येते म्हणाली. तो आठवडा मी कसा काढला ते माझं मला ठाऊक. सकाळ-संध्याकाळ गोणपाटावर पाणी शिंपडत होतो आणि उलगडून बघायची हिंमत होत नव्हती.

ती आली तेव्हाच उलगडलं, तिच्या समोर, ओट्यावर. पांढरे, बारीक, वाकडे कोंब. सगळ्यांना नव्हते, बहुतेकांना होते. बायको आतून आली आणि तोंडावर हात धरून उभी राहिली. तुळसाबाईने एकेक दाणा बोटाने हलवून बघितला, मग पिशवी उघडली आणि डब्यातलं बी ओंजळीने आत टाकायला लागली. डबा अर्धा झाला तशी थांबली. पिशवीला गाठ मारली.

"मावशी, सगळं ने," मी म्हटलं. "माझ्याकडे वर्षभर नुसतं पडून होतं. माझ्या भरवशावर कशाला ठेवतेस?"

तिने झाकण घट्ट लावलं आणि डबा माझ्या हातात दिला.

"येत्या साली पेर पण," ती म्हणाली. चपला घातल्या, दोन पायऱ्या उतरली आणि वळून बघितलं. "नि भिऊ नको. नाय उगवलं त माज्याकडं ये. मी देईन."